तुमच्या नावावर राहिलेली फाइल

रूबीताई, तुम्ही गेलात त्या मंगळवारी तुमच्या नावावर एक फाइल राहून गेली. असं तुमच्याकडून एरवी कधी झालं नसतं, म्हणून आधी तेच सांगते.

दर शुक्रवारी साडेचारला तुम्ही चष्मा डबीत ठेवायचात, पर्सची चेन ओढायचात आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचात, "माझ्या नावावर काही राहिलंय का गं?" मी यादी काढून बघायची आणि म्हणायची, "नाही ताई, निघा तुम्ही." मग तुम्ही जिना उतरायला लागायचात आणि जिन्यातून आवाज यायचा, "सूर्य काही माझ्यासाठी थांबत नाही." सूर्य बुडायच्या आत घरी पोचायचं, दिवा लावायचा आणि मग शनिवारी सूर्य बुडेपर्यंत कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, हा तुमचा नेम. पनवेलमध्ये तुमच्या ज्यू समाजाची थोडी घरं उरली आहेत. तुमचा मुलगा तिकडे इस्रायलला स्थायिक झाला तेव्हा त्याने तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही म्हणायचात, "तिकडे सगळेच शनिवार पाळतात. मग माझं काय वेगळेपण राहिलं?"

मी हसायची आणि पुढे काही बोलायची नाही. तुमच्यासमोर मी बोलले कमी आणि मनात ठेवलं जास्त. आता लिहायला बसले आहे तर तेही मराठीत, आणि त्याला कारणही तुम्हीच आहात.

तुमच्या नणंदेने, लिलीताईंनी, मला विचारलं, "नावावर फाइल म्हणजे काय गं? घर असतं नावावर, जमीन असते." त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते. आपल्या ऑफिसात सहा माणसं आणि कॉम्प्युटरचे चार पडदे. एकच प्रोग्रॅम दोघांनी एकदम बदलायला घेतला तर एकाच्या कामावर दुसऱ्याचं काम बसतं आणि पहिलं जातं. म्हणून प्रत्येक फाइल मशीनमधल्या एका कपाटात असते. बदलायची असेल तर तिची प्रत आपल्या नावावर बाहेर काढायची. ती आपल्या नावावर आहे तोवर बाकीच्यांनी हवी तर वाचावी, बदलू नये. काम झालं की परत कपाटात ठेवायची. दर वेळी तिच्यावर नवा नंबर पडतो आणि जुन्या प्रतीही तशाच राहतात, कधीही काढून बघता येतात. फक्त एक आहे. बाहेरच्या प्रतीवर केलेलं काम कपाटात ठेवलं जाईपर्यंत दुसरीकडे कुठेच नसतं.

हे सगळं करणाऱ्या मूळ आज्ञा लांबलचक होत्या. तुम्ही त्यांच्या दोन छोट्या आज्ञा करून टाकल्यात. एकीचं नाव 'घे', दुसरीचं 'ठेव'. साठे सर, म्हणजे आपले मालक, पडद्याकडे बघत म्हणाले होते, "अहो रूबीबाई, ही काय भाजी मंडई आहे का?"

"सर, मशीनला सगळे शब्द सारखेच," तुम्ही म्हणालात. "निदान माणसाला तरी घरचं वाटू दे."

या दोन आज्ञांची माहितीपुस्तिकाही तुम्हीच मराठीत लिहिलीत. अकरा पानं, डॉट मॅट्रिक्सवर छापलेली, भोकं पाडून दोऱ्याने बांधलेली. मी नोकरीला लागले त्या दिवशी तुम्ही ती माझ्यासमोर ठेवलीत. मी पहिल्या ओळीवर इतका वेळ घालवला की तुम्ही विचारलंत, "काय गं, अक्षर नीट उमटलं नाही का?" मला सांगायची लाज वाटली, की मी कॉन्व्हेंटमधली, घरी मराठी बोलते पण वाचताना अजून ओठ हलतात. तुम्हाला ते तेवढ्यातच कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चहाच्या वेळी मोठ्याने वाचायला लावलंत, "माझा चष्मा घरी राहिला, जरा वाचून दाखव," असं म्हणून. चष्मा पर्समध्ये होता. डबी मला दिसत होती.

माझ्या शेजारच्या टर्मिनलवर दिनेश. गव्हाणहून रोज एसटीने येणारा, हुशार, तोंडाने फटकळ. तो तुम्हाला मावशी म्हणायचा आणि मी ताई. एकदा तुम्ही ते धरलंत. "दिनेश, मी तुझी मावशी आणि हिची ताई. म्हणजे ही तुझी कोण झाली रे?"

"मावशी?" तो किंचाळला. "ही? हिला अजून माझ्या डब्यातल्या लसणीचा वास सहन होत नाय, आनि माझी मावशी?"

तेव्हापासून तो मला धाकटी मावशी म्हणायला लागला. मला कॉलेजमध्येसुद्धा कुणी टोपणनाव ठेवलं नव्हतं. मला ते आवडलं होतं, हे मी कधी सांगितलं नाही.

आता त्या शनिवारबद्दल. त्याच्याबद्दल आपण वर्षभर बोललो आणि तरीही बोललो नाही.

रंगाच्या कारखान्याच्या गोदामाचा प्रोग्रॅम तुमच्याकडे होता. कुठला डबा कधी भरला, कुठला आधी बाहेर काढायचा, असं ते काम. गुरुवार आणि शुक्रवार तुम्ही मान वर न करता त्यावर बसला होतात. शुक्रवारी चारच्या सुमारास वीज गेली. बॅटरीवर मशीन थोडा वेळ कण्हलं आणि बंद पडलं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघितलंत, मग घड्याळाकडे. "केलेलं सगळं बाहेरच्या प्रतीत आहे," तुम्ही म्हणालात. "फक्त 'ठेव' राहिलं. सोमवारी सकाळी आल्या आल्या पहिलं तेच करते." त्या शुक्रवारी तुम्ही तुमचा प्रश्न विचारला नाहीत. काय राहिलंय ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

शनिवारी सकाळी वीज आलेली होती. साठे सर पुण्याला. अकरा वाजता कारखान्यातून फोन आला, दुपारी त्यांचे मोठे साहेब बघायला येणार आहेत, यादीचं एक शीर्षक चुकलं आहे, तेवढं बदलून द्या. एकच ओळ. फाइल तुमच्या नावावर. मी 'घे' म्हटलं, मशीन म्हणालं, रूबीकडे आहे.

दिनेश म्हणाला, "मावशीला इचार ना जाऊन. घर काय लांब हाय काय?"

"आज शनिवार आहे."

"मग? काम करायला नको सांगू. तोंडाने इचारायचं, हो का नाय. बोलायला पन बंदी हाय काय त्यांना?"

मी निघाले. बाजारातून, तळ्याच्या कडेने, तुमच्या गल्लीपर्यंत दहा मिनिटं. त्याआधी दोनदा तुमच्याकडे येऊन गेले होते. तुमच्या नव्या वर्षाला तुम्ही गव्हाच्या चिकाचा हलवा खायला बोलावलं होतंत, गुलाबी, नारळाच्या दुधाचा. तेव्हा लिलीताईंनी माझ्या हातावर आणखी दोन वड्या ठेवल्या होत्या. म्हणजे घर परकं नव्हतं. फाटकाची कडी मी उघडली. चार पावलं पुढे दार होतं आणि दाराशेजारी खिडकी. तुम्ही खिडकीतल्या खुर्चीवर बसला होतात. पांढरं पातळ, केस धुतलेले, हात मांडीवर. दोन्ही हात नुसते मांडीवर ठेवलेले. तुमचे हात मी कधी रिकामे बघितले नव्हते. बोटांत नेहमी पेन्सिल नाहीतर कळफलक, काही नसलं तर शेंगांची सालं. त्या दिवशी ते हात असे होते, की जणू कुणी त्यांना सांगितलं होतं, आज तुम्ही काही करायचं नाही, आणि त्यांना ते मनापासून पटलं होतं.

मी दारापर्यंत गेले नाही. एका शीर्षकासाठी हे मोडायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तितकं चांगलं नव्हतं. मला कुणाच्याही दारावर थाप मारता येत नाही. लहानपणापासून येत नाही. शेजारी विरजण मागायला पाठवलं तरी मी जिन्यात उभी राहायची आणि परत येऊन सांगायची, कुलूप आहे.

दिनेशलाही मी तेच सांगितलं. "घरी कोणी नव्हतं."

मग मी तुमची पुस्तिका काढली. आठव्या पानावर होतं: 'घे'पुढे डॅश एफ लावल्यास फाइल दुसऱ्याच्या नावावर असली तरी मिळते. वाक्य खरं होतं. मी डॅश एफ लावला आणि फाइल मिळाली. शीर्षक बदललं, 'ठेव' केलं, कारखान्याला फोन करून सांगितलं. वाक्यात नव्हतं ते एवढंच, की ही आज्ञा कपाटातली जुनी प्रत काढते आणि बाहेरच्या प्रतीच्या जागी ठेवते. बाहेर जे असेल ते न विचारता पुसून.

सोमवारी तुम्ही आल्या आल्या पडदा सुरू केलात. मी माझ्या जागेवरून तुमची पाठ बघत होते. तुम्ही एकदा फाइल खालपर्यंत नेलीत, परत वर आणलीत, परत खाली. मग यादी काढलीत. शनिवार, बारा वाजून पाच मिनिटं, माझं नाव. तुम्ही वळलात तेव्हा मला वाटलं, आता.

"पुस्तिका आण गं."

मी आणली. तुम्ही आठवं पान काढून बोट ठेवलंत.

"हे कुणी लिहिलंय?"

"तुम्ही."

"मग चूक कुणाची?"

साठे सर तणतणत आले तेव्हा तुम्ही तेच सांगितलंत. "पोरीने छापलं होतं तसं केलं. छापणारी मी." दोन दिवसांचं काम तुम्ही दोन दिवसांत परत केलंत. तुमच्या पेन्सिलीच्या कागदांवरून मी वाचायची आणि तुम्ही टाइप करायचात. एकदाही तुम्ही विचारलं नाहीत, की तू मला विचारायला का आली नाहीस. मी वाट बघत होते. दिनेशने मध्येच सांगून टाकलं, "ती आलती मावशी, तुमी नव्हता घरी." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. अगदी क्षणभर. मग म्हणालात, "हं. पुढची ओळ वाच."

ते काम संपल्यावर तुम्ही पुस्तिका माझ्याकडे सरकवलीत. "आता हे वाक्य तू लिही. ज्याचा पाय ठेचकाळला त्यालाच दगड कुठे आहे ते माहीत."

मी दोन दिवस घेतले. शब्दकोश घेऊन बसले. वाक्य आणलं: 'डॅश एफ वापरल्यास विद्यमान कार्यप्रत अधिलिखित होईल.' मला त्याचा अभिमान वाटला होता. तुमची पद्धत अशी, की पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य आधी दिनेशने वाचायचं. त्याला एकदा वाचून कळलं तर पास. त्याने वाचलं आणि हात जोडले.

"धाकटे मावशी, प्रसाद कवा वाटनार?"

तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. मी रडायच्या बेतात होते. तुम्ही पाणी प्यायलात आणि म्हणालात, "अगं, घरी तुझ्या हातून पाटी पुसली गेली तर आईला काय सांगशील? अधिलिखित झाली म्हणून?"

"पुसली गेली म्हणेन."

"मग मशीनची काय वेगळी आई आहे?"

असं ते सुरू झालं. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, की दोन बायका एका वाक्यावर एक वर्ष घालवतात. रोज नव्हे. मध्ये कामं असायची. पण चहाच्या वेळी तुम्ही पेन्सिल कानामागून काढायचात आणि मला कळायचं, की वाक्य निघालं. मी लिहिलं, 'बाहेरची प्रत पुसली जाते.' तुम्ही विचारलंत, कुणाची बाहेरची प्रत? मी लिहिलं, 'ज्याच्या नावावर फाइल आहे त्याची.' तुम्ही म्हणालात, सगळी पुसते का? कपाटातलंही जातं? नवीन मुलगा घाबरून मरेल. मी लिहिलं, 'कपाटातल्या जुन्या प्रतींना काही होत नाही.' मग ते गेलेलं काम परत मिळतं का? नाही. मग ते कुठे लिहिलंयस?

एकेका प्रश्नाने तुम्ही मला त्या वाक्याच्या आत फिरवून आणत होतात. त्याच फेऱ्यांत मी मराठी लिहायला शिकले. शाळेत मला वाक्य म्हणजे बरोबर की चूक एवढंच माहीत होतं. वाक्य खरं असून अपुरं असू शकतं, हे तुमच्याजवळ कळलं. शेवटी ते असं झालं आणि दिनेशने एका दमात पास केलं: 'डॅश एफ लावल्यास फाइल दुसऱ्याच्या नावावर असली तरी मिळते, पण त्या माणसाने बाहेरच्या प्रतीत केलेलं आणि अजून कपाटात न ठेवलेलं काम पुसलं जातं. ते परत येत नाही. कपाटातल्या जुन्या प्रती तशाच राहतात.'

इथे थांबलो असतो तर चांगलं होतं. पण तुम्हाला आणखी एक ओळ हवी होती, सगळ्यात वर. 'आधी ज्याच्या नावावर फाइल आहे त्याला विचारा.'

मला नको होती. मी भांडले. मी, जी रिक्षावाल्याशी कधी भांडली नाही. आज्ञा काय करते ते पुस्तिकेने सांगावं, माणसाने काय करावं ते नको, हा माझा मुद्दा. तुम्ही म्हणायचात, "औषधाच्या बाटलीवर लिहितातच ना, डॉक्टरला विचारून घ्या." मी म्हणायची, तो कायद्याचा भाग. "बरं मग हा माझा कायदा," तुम्ही म्हणायचात. मुद्दा मला अजूनही चुकीचा वाटत नाही. पण मी त्या ओळीशी भांडत होते ते मुद्द्यासाठी नव्हतं. पुस्तिका उघडणाऱ्या प्रत्येकासमोर ती ओळ माझ्याबद्दल बोलणार होती.

आणि मग तो सोमवार. साठे सरांनी सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यात दोन नवीन माणसं येतायत, पुस्तिका नीट करून छापा. तुम्ही पुस्तिकेची फाइल तुमच्या नावावर घेतलीत आणि खुर्ची माझ्याकडे वळवलीत. पुन्हा तीच ओळ निघाली. मी पुन्हा तेच म्हटलं, आणि वर म्हटलं, "विचारायला हवं हे माणसाला आधीच कळायला पाहिजे. ते छापायची गरज नाही."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुला कळलं होतं?"

तुमच्या आवाजात टोचणं नव्हतं. आता आठवून बघते तर अजिबात नव्हतं. पण मी गप्प झाले. माझं गप्प होणं तुम्हाला माहीत होतं, खिडकी बंद केल्यासारखं. साडेपाच वाजता मी पर्स उचलली आणि निघाले. तुम्ही मागून म्हणालात, "अनघा, उद्या बोलू." मी मान हलवली की नाही हेही मला आठवत नाही.

मंगळवारी साडेदहापर्यंत तुम्ही आला नाहीत. पावणेअकराला फोन आला, तो दिनेशने घेतला. तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला आणि फोन खाली ठेवताना त्याला रिसीव्हर नीट बसवता आला नाही. तीनदा सरळ केला त्याने तो.

तुमच्याकडे त्याच दिवशी मातीला नेतात. सगळे निघाले. मी म्हटलं, ऑफिसात फोनला कुणीतरी हवं. त्या दुपारी एकही फोन आला नाही, रूबीताई. मी चार तास तुमच्या बंद पडद्यासमोर बसले. तुमच्या दारावर थाप न मारण्याची माझी ही दुसरी वेळ.

बुधवारी साठे सर म्हणाले, "ती पुस्तिका बाईंच्या नावावर अडकली आहे ना? डॅश एफ मार आणि मोकळी हो." त्यांनाही वाईट वाटत होतं, डोळे लाल होते. मी 'घे' लिहिलं, डॅश लिहिलं, एफ लिहिलं. एंटरवर बोट होतं. तुम्ही सोमवारी मी गेल्यावर किती वेळ बसला होतात, काय लिहिलं होतंत, मला माहीत नव्हतं. पण ते कुठे होतं ते माहीत होतं आणि मी एंटर दाबला तर त्याचं काय होणार ते जगात सगळ्यात चांगलं मलाच माहीत होतं. ते वाक्य माझंच होतं. ते परत येत नाही.

मी बोट उचललं. "विचारून करते, सर."

"आता कुणाला विचारणार गं?" ते म्हणाले.

नुसतं वाचायला हरकत नव्हती, वाचायला कुणालाच मनाई नसते. पण तेही माझ्याने झालं नाही. तुम्ही माझ्याबद्दल काही लिहिलं असेल अशी भीती होती.

रविवारी मी आले. तळ्याच्या कडेने तोच रस्ता. फाटक, चार पावलं. दार सताड उघडं होतं. लिलीताई जमिनीवर चटईवर बसल्या होत्या, शेजारी दोन बायका. आत जायला कुणाची आडकाठी नव्हती. मी उंबऱ्याबाहेर थांबले आणि उघड्या दाराच्या फळीवर तीनदा थाप मारली. सगळ्यांनी दचकून बघितलं.

"अगं, ये ना," लिलीताई म्हणाल्या. "दार उघडंच आहे. या सात दिवसांत आम्ही कडी लावतच नाही. येणाऱ्याला वाजवायला लागू नये म्हणून."

"तरी विचारावं म्हटलं," मी म्हणाले, आणि तिथेच रडायला लागले.

त्यांनी मला शेजारी बसवलं. पाणी दिलं. मी फाइलीचं सांगितलं, नावावर म्हणजे काय ते सांगितलं, तुम्हाला विचारल्याशिवाय ती काढायची नाही, म्हणून आता त्यांना विचारायला आले, असं म्हटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "एका वाक्यासाठी तिच्याशी वर्षभर भांडणारी ती तूच का?" मी हो म्हटलं. "रोज घरी येऊन सांगायची. आज पोरगी अशी म्हणाली, आज तशी. हसायची. मी म्हणायची, एवढा वेळ मला दिला असतास तर पापड झाले असते."

मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "आणि त्या शनिवारी फाटकातून परत गेलेलीही तूच."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तिने तुला बघितलं होतं. खिडकीतच तर बसली होती. मी म्हटलं, हाक मार की तिला. तर म्हणाली, नको, लाजते, चार पावलं राहिलीयत, येईल आपली आपण. आणि तू वळलीस. दिवसभर तेच. मी हाक मारायला हवी होती गं लिली, मी हाक मारायला हवी होती."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. सोमवारी मशीनसमोर, दिनेश 'तुमी नव्हता घरी' म्हणाला तेव्हा, वर्षभर चहाच्या प्रत्येक कपाला. तुम्ही मला खोटी पाडली नाहीत. "तुला कळलं होतं?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्ही मला दार उघडून देत होतात, आणि मी पर्स उचलून निघून गेले.

आता सांगते. मी आले होते, रूबीताई. मी दिनेशशी खोटं बोलले आणि तुमच्याशी गप्प राहून खोटं बोलले. तुमचे हात मांडीवर होते. मला ते फार सुंदर वाटले होते.

मी निघताना लिलीताई म्हणाल्या, "घे ती फाइल. तिने तुझ्यासाठीच ठेवली असणार."

सोमवारी सकाळी मी आधी तुमच्या बाहेरच्या प्रतीची दुसरी प्रत करून वेगळ्या नावाने बाजूला ठेवली. मग ती उघडली. आठव्या पानावर माझं वाक्य होतं, एकही शब्द न बदलता, आणि ते सगळ्यात वर होतं. तुमची ओळ तुम्ही वरून काढून खाली नेली होती. तिथे असं होतं:

'मात्र आधी ज्याच्या नावावर फाइल आहे त्याला विचारा. शनिवार असला तरी'

पुढे काही नव्हतं. पूर्णविरामसुद्धा नाही. कदाचित तुम्हाला शब्द सुचला नाही. कदाचित वेळ झाली आणि तुम्ही म्हटलंत, उद्या त्या पोरीलाच विचारू.

मी 'घे' डॅश एफ केलं. तुमची बाहेरची प्रत पुसली गेली, बाजूला ठेवलेली राहिली. तिच्यातून सगळं परत आणलं आणि तुमची ओळ पुरी केली. दोनच शब्द लागले. मग 'ठेव' केलं. मशीनने नेहमीप्रमाणे विचारलं, काय बदललं? मी लिहिलं: रूबीताईंचं वाक्य.

छापलेलं पान दिनेशला दिलं. त्याने वाचलं. 'मात्र आधी ज्याच्या नावावर फाइल आहे त्याला विचारा. शनिवार असला तरी दार वाजवा.' मी म्हटलं, कळलं? थट्टा येईल म्हणून मी तयार होते.

"एकदाच वाचलं," तो म्हणाला. "पास."

त्या आठवड्यात शुक्रवारी साडेचार वाजता सगळेच थोडे थांबले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. तुमच्या खुर्चीवर नवीन मुलगी बसते आता, तिला काही माहीत नव्हतं, ती टाइप करत होती. मी यादी काढली. वरून खालपर्यंत नावं वाचली, मग पुन्हा एकदा.

तुमच्या नावावर काही राहिलेलं नाही, ताई. निघा तुम्ही.